क्लास लावण्याआधी वही उघडा

पहिल्या घटक चाचणीचे पेपर घरी आले, की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: गणिताला कोणता क्लास चांगला? कुणी अबॅकस सुचवतं, कुणी वैदिक गणित, कुणी शेजारच्या सोसायटीतल्या टीचरचा नंबर पाठवतं. आठवडाभरात फी भरून होते, दोन जाडजूड वर्कबुकं घरात येतात. ज्या पेपरमुळे ही सगळी धावपळ सुरू झाली, तो मात्र सही होऊन शाळेत परत गेलेला असतो. माझी पालकांना विनंती आहे, की आधी तो पेपर नीट पाहा. गुण कुठे गेले आणि चुकलेलं उत्तर आलं कसं, ते शोधा. क्लास आणि पुस्तक यांची निवड त्यावरूनच व्हायला हवी.

तिसरीतली एक वजाबाकी घ्या. ५२ वजा २७. उत्तर हवं २५, मुलाने लिहिलंय ३५. आपण म्हणतो, 'घाई केलीस, लक्ष नव्हतं.' पण त्याच्या वहीत अशा आणखी दोन-तीन वजाबाक्या शोधल्या, की लक्षात येतं, तो दर वेळी हेच करतोय. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा नियम त्याने मनाशी बांधलाय आणि तो इमानेइतबारे पाळतोय. या मुलाला रोज पन्नास वजाबाक्या घातल्या, तर चुकीचा नियमच पक्का होईल.

त्याच्यासमोर दहाच्या पाच नोटा आणि एक-एक रुपयाची दोन नाणी ठेवा. 'यातले सत्तावीस रुपये मला दे' म्हणा. दोन नोटा तो लगेच देईल. सात सुटे मागितले, की अडेल. थोडं थांबलात, तर बहुतेक मुलं स्वतःच सांगतात, की एक नोट मोडायला हवी. नोट मोडून दहा नाणी दिलीत, की त्याच्याकडे राहिल्या दोन नोटा आणि बारा नाणी. त्यातली सात तुम्हाला दिली, उरले पंचवीस. आता हीच वजाबाकी वहीत करून घ्या. दशक सुटा करणं म्हणजे काय, हे त्याला आता डोळ्यांसमोर दिसतं. सराव द्यायचा तो यानंतर.

आपलंच मूल मागे पडलंय असं वाटून घेऊ नका. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार, ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांनाच अशी वजाबाकी करता आली.

इतर चुकांनाही अशीच कारणं असतात. ४७ अधिक ३८ बरोबर ७१५ लिहिणाऱ्या मुलाला सात आणि आठ पंधरा होतात हे चांगलं ठाऊक आहे. पंधरातला दशक हातचा म्हणून पलीकडच्या घरात जातो, हे त्याला कळलेलं नाही. 'चारशे तीन' ४००३ असं लिहिणारं मूल ऐकलेलं प्रामाणिकपणे लिहून काढतंय. मराठीत 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी ऐकू येतात, म्हणून काही मुलं ७४ लिहितात. 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिणारीही भेटतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत दिली गेली आणि राज्यभर वाद झाला. बालभारतीच्या डॉ. मंगला नारळीकरांच्या गणित समितीपुढे हीच अडचण होती. पद्धत पटो न पटो, अडचण खरी आहे. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असेल, तर ती आणखी वाढते.

शाब्दिक उदाहरणांत तर आपणच मुलांना चुकायला शिकवतो. 'एकूण' आलं की बेरीज, 'उरले' आलं की वजाबाकी, 'जास्त' आलं की पुन्हा बेरीज, ही युक्ती अनेक क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात दिली जाते. मग असं उदाहरण येतं: राजूकडे १२ गोट्या आहेत, त्या सीमाच्या गोट्यांपेक्षा ४ ने जास्त आहेत, तर सीमाकडे किती? मूल 'जास्त' शब्द पकडतं आणि १६ लिहून मोकळं होतं. वाक्य वाचायची सवय सुटली, की पुढे पाचवी-सहावीत ती लावणं फार जड जातं.

आता क्लासकडे वळू. आई-वडील दोघं उशिरा घरी येत असतील किंवा शाळेचं माध्यम त्यांना परकं असेल, तर शिकवणी लावण्यात गैर काही नाही. पण पाहणी करून लावा. एका वेळी किती मुलं बसतात, त्यात वेगवेगळ्या इयत्ता आहेत का, हे विचारा. तिथल्या एखाद्या मुलाची वही पाहायला मिळाली, तर फार उत्तम. चुकलेल्या उदाहरणावर नुसती फुली आहे, की नेमकी कुठली पायरी चुकली तिथे खूण आहे? पंधरा दिवसांनी शिकवणाऱ्यांना विचारा, 'आमच्या मुलाचं नेमकं कुठे अडतं?' 'सराव कमी पडतो' एवढंच उत्तर मिळालं, तर त्यांनी अजून मुलाकडे पाहिलेलं नाही असं समजा. आणि शाळेतल्याच शिक्षकांकडे शिकवणी लावायचा विचार असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकांना खाजगी शिकवणीची मनाई करतं, हे लक्षात असू द्या.

अबॅकसने बेरीज-वजाबाकीचा वेग वाढतो, मुलांना मणी सरकवायला आवडतं. आवड असेल तर जरूर पाठवा. पण अपूर्णांक, मापन, शाब्दिक उदाहरणं त्याने सुटत नाहीत. वैदिक गणितातल्या गुणाकाराच्या युक्त्या गमतीच्या आहेत, त्या स्थानिक किंमत पक्की झाल्यावर शिकाव्यात. कुमॉन या सरावाच्या पद्धतीची सुरुवात १९५४ मध्ये जपानमधले गणिताचे शिक्षक तोरू कुमॉन यांनी स्वतःच्या मुलासाठी रोज काढून दिलेल्या सरावाच्या कागदांतून झाली. रोज थोडं आणि पायरीपायरीने, ही त्यातली चांगली गोष्ट घरीही पाळता येते.

पुस्तकाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: शाळेचं पाठ्यपुस्तक आणि त्याच्या जोडीला सरावाचं एकच पुस्तक. बालभारतीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, एनसीईआरटीचीही. सीबीएसईच्या मुलांना बालभारतीतली उदाहरणं आणि राज्य मंडळाच्या मुलांना एनसीईआरटीची नवी 'जॉयफुल मॅथेमॅटिक्स' किंवा तिसरीचं 'मॅथ्स मेला' हा आयता, बिनखर्चाचा सराव आहे.

दुकानात सरावाचं पुस्तक घेताना मधलं एखादं पान उघडा. वर 'हातच्याची बेरीज' असं शीर्षक आणि खाली तीस बेरजा असतील, तर मुलाला विचार करावाच लागत नाही. काय करायचं ते पानानेच सांगितलेलं असतं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार मिसळून दिलेली पानं किती आहेत, ते पाहा. रिकाम्या चौकटी भरायची उदाहरणं आहेत का, 'हे उदाहरण कुठे चुकलं ते शोध' असं काही आहे का, तेही पाहा. लिहायला जागा ऐसपैस हवी. पहिली-दुसरीच्या मुलाला चौकटींची वहीच द्या. एका चौकटीत एक अंक लिहिला, की एकक-दशक एकमेकांत घुसत नाहीत. तयार उत्तरांचं गाईड मोठ्यांनी तपासण्यासाठी ठेवावं, मुलाच्या हातात देऊ नये.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या पुस्तकांविषयी वेगळं सांगायला हवं, कारण ती हल्ली दुसरीच्या मुलांसाठीही घेतली जातात. गेली काही वर्षं पाचवीला झालेल्या या परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न, १०० गुणांना असतात आणि प्रत्येकाला चार पर्याय. पर्यायांतून उत्तर हेरण्याचं कौशल्य परीक्षेच्या वर्षी शिकता येतं. सात वर्षांच्या मुलाने उदाहरण पूर्ण मांडून सोडवायला शिकावं.

पाढ्यांचा आग्रह जरूर धरा, तो जुना म्हणून सोडू नका. फक्त पाठांतरात मधे अडलं, तर पुन्हा 'सात एके सात'पासून सुरू करायला लावू नका. 'सात पाचा पस्तीस येतं ना, मग त्यात आणखी सात मिळव' म्हणा. 'सात सक बेचाळीस' त्याचं त्यालाच सापडेल.

या आठवड्यात एकदा तरी मुलाला चुकलेलं एक उदाहरण तोंडाने बोलत सोडवायला सांगा. मधे टोकू नका, पेन्सिल हातातून घेऊ नका. 'हे तू कसं केलंस?' एवढंच विचारा. त्यासाठी स्वतःला गणित यावं लागत नाही. क्लास लावायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.