धाकट्याचं विमान आणि चार सर्व्हो

“अब्बू, डिजिटलच घ्या,” असा धाकट्याचा हट्ट. रिमोटच्या फोमच्या विमानाचं शेपूट आणि पंखांच्या पट्ट्या हलवणाऱ्या या छोट्या मोटरी, म्हणजे सर्व्हो. आम्ही चार महागडे आणले. तिसऱ्याच उड्डाणात वळणावर रिसीव्हर क्षणभर बंद पडला आणि विमान ज्वारीत कोसळलं.

चूक आमच्याच हिशेबाची. अ‍ॅनालॉग सर्व्हो मोटरला सेकंदाला साधारण ५० वेळा वीज देतो, डिजिटल सुमारे ३०० वेळा. त्याची पकड घट्ट, पण वीजही जास्त खातो. रिसीव्हर आणि सर्व्होंना ५ व्होल्ट पुरवणाऱ्या आमच्या छोट्या बीईसीला ते झेपलं नाही.

हेलिकॉप्टरच्या शेपटीला, कसरतीच्या विमानाला डिजिटल जरूर घ्यावा. शिकाऊ विमानाला ९ ग्रॅमचे साधे अ‍ॅनालॉग पुरतात. आता तेच बसवलेत. महागडे चार डब्यात आहेत. धाकटा अधूनमधून उघडून बघतो.