एक ऊन, एक सुधारणा

वाळवणाचा हिशेब दिवसांत होत नाही, उन्हांत होतो. कुरडयांना दोन उन्हं, सांडग्यांना तीन, मिरच्यांना आणखी एखादं. संध्याकाळी आई गच्चीवर जायची, एक कुरडई उचलून मोडायची. कट्‌ आवाज आला तर डब्यात, वाकली तर उद्या पुन्हा उन्हात. छोट्या चमूने नवं उत्पादन झटपट कसं उभं करावं, हा प्रश्न आज स्टार्टअपच्या प्रत्येक बैठकीत निघतो. त्याचं उत्तर शोधताना मला ती मोडलेली कुरडई आठवते, कारण मराठवाड्यातल्या एका यशस्वी यंत्राची गोष्टही वाळवणाचीच आहे.

संभाजीनगरहून दौलताबादचा घाट चढून खुलताबादला यायला साधारण 25 किलोमीटर. या तालुक्यात आणि शेजारच्या फुलंब्री-कन्नडच्या पट्ट्यात अद्रकाचं पीक मोठं. भाव पडला तर शेतकरी अद्रक काही महिने जमिनीतच राखतो. कांद्याला आणि टोमॅटोला ती सवलत नाही. निवडीत मागे पडलेला वाकडातिकडा, बारका, डागी माल तर आडतीवर कुणी धड विचारतही नाही. खायला तो उत्तम असतो, फक्त दिसायला नसतो. तो वाळवला तर वर्षभर टिकतो. पण उघड्यावर वाळवलं की धूळ आली, माश्या आल्या, शेळ्या आल्या आणि अवकाळीची एक सर आली की सगळं वाया. थेट उन्हाने रंगही उडतो.

हा पेच सोडवायला सौर वाळवणी यंत्र घेऊन उतरली ती सायन्स फॉर सोसायटी, म्हणजेच एस फोर एस टेक्नॉलॉजीज. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जुन्या यूडीसीटीत, शिकलेल्या तरुण मित्रांचा हा गट. वैभव तिडके, निधी पंत आणि त्यांचे सहकारी. 2013 साली त्यांच्या सौर यंत्राला डेलच्या जागतिक सामाजिक नवकल्पना स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं. नोव्हेंबर 2023 मध्ये सिंगापूरला, कचरामुक्त जगाच्या गटात, अर्थशॉट पारितोषिक मिळालं. त्याची रक्कम 10 लाख पौंड. त्यांच्या कामाचा मोठा भाग संभाजीनगरच्या परिसरात, शेतकरी महिलांच्या हातांनी चालतो.

यंत्र पाहिलं तर साधं वाटतं. काळ्या लेपाच्या धातूच्या पाट्या, वर पारदर्शक आवरण, हवा आत यायला आणि बाहेर जायला वाट. पाटी ऊन शोषून तापते आणि चकत्यांना खालून ऊब देते. वरून उन्हाची धग असते. तापलेली हवा वर चढते आणि ओलावा घेऊन बाहेर पडते. वहन, प्रारण आणि अभिसरण या उष्णतेच्या तिन्ही वाटा इथे एकाच पेटीत कामाला लावल्या आहेत. वीज लागत नाही.

आता हिशेब पाहू. ताज्या अद्रकात साधारण 80 टक्के पाणी असतं, सुंठीत 10 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 10 किलो अद्रकाची सुंठ जेमतेम सव्वादोन किलो होते आणि पावणेआठ किलो पाणी हवेत जातं. एवढ्या पाण्याची वाफ करायला सुमारे 5 युनिट विजेइतकी उष्णता लागते. आपल्याकडे स्वच्छ दिवशी एक चौरस मीटर जागेवर जवळपास तेवढंच ऊन पडतं. प्रत्यक्षात बरीच उष्णता वाया जाते, म्हणून पाट्या जास्त लागतात. पण कच्चा माल आपल्या छपरावर फुकट पडतोय, हे या आकड्यांतून स्पष्ट दिसतं.

वेगाचं गुपितही याच हिशेबात आहे. सकाळी चकत्या वजन करून पाटीवर मांडायच्या, संध्याकाळी पुन्हा तराजूवर घालायच्या. किती पाणी गेलं ते त्याच दिवशी कळतं. चकती तीन मिलिमीटरची हवी की पाचची, खालच्या पाटीवरचा माल मागे का राहिला, हवेची वाट रुंद करावी का, या प्रत्येक प्रश्नाला एका उन्हात उत्तर मिळतं. एकावेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक कशाने पडला ते नेमकं समजतं. महिन्याला पंचवीस उन्हं मिळाली तर पंचवीस सुधारणांना वाव आहे. छोटा चमू हुशारीमुळे पुढे जातो असं नाही. त्याची चूक आणि त्याची दुरुस्ती यांच्यात अंतर कमी असतं, म्हणून तो पुढे जातो. सकाळी पाटी लावणारा आणि संध्याकाळी पत्रा कापायला सांगणारा माणूस एकच असतो. मधे मंजुरीची फाईल फिरत नाही.

खुलताबादच्या मातीला ही रीत नवी नाही. मलिक अंबरची कबर याच गावात आहे. 1626 साली वारलेल्या या निजामशाही वजिराने मोठ्या मुघल फौजांना वर्षानुवर्षं हैराण केलं ते हलक्या, चपळ स्वारांच्या तुकड्यांनी. त्या तुकड्यांकडे तोफांचा आणि सामानाचा लवाजमा नव्हता. वाटा, घाट आणि पाणवठे मात्र ठाऊक होते. छोट्या चमूचं बळ आजही जमिनीच्या माहितीतच असतं.

दुसरं बळ शेजाराचं. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने शेकडो छोटी वर्कशॉप उभी राहिली. पत्रा कापणारे, बेंडिंग करणारे, डाय बनवणारे, पावडर कोटिंगवाले. वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये नमुने बनवण्याची आणि तपासणीची सामायिक सोय आहे. नव्या उद्योजकांना हात द्यायला सीएमआयए या उद्योजक संघटनेने ‘मॅजिक’ हे केंद्र काढलं. ज्याच्याकडे स्वतःचं एकही मशीन नाही, त्यानेही कागदावरचं चित्र घेऊन जावं आणि थोड्या दिवसांत हातात धरण्याजोगी वस्तू घेऊन यावं, अशी सोय या शहरात आहे. खुलताबादच्या पोरांनी ती हक्काने वापरावी.

पण वेग वेगळा आणि घाई वेगळी. वाळवणात एक खोड आहे. सुरुवातीलाच फार धग दिली तर चकतीची वरची कातडी टणक होते आणि आतलं पाणी आतच कोंडतं. संध्याकाळी ती हाताला खडखडीत लागते, पोत्यात भरली की महिन्याभरात बुरशी धरते. घाईने बाजारात आणलेल्या उत्पादनाचंही असंच होतं. समारंभाच्या दिवशी ते चकाचक दिसतं, तक्रार महिन्याने येते. पहिल्या नमुन्यातून पंखा, बॅटरी, दिवे काढून टाकता येतात. माल आतून वाळतो की नाही, ही तपासणी काढता येत नाही.

एस फोर एसची माझ्या मते सगळ्यात मोठी सुधारणा यंत्राबाहेरची होती. यंत्र मिळालं तरी वाळलेला कांदा विकायचा कुठे, हा बाईचा प्रश्न उरतोच. म्हणून त्यांनी खरेदीची साखळीही उभी केली. महिला गावातच माल घेतात, चिरतात, वाळवतात. कंपनी तो विकत घेते, कारखान्यात त्यावर पुढची प्रक्रिया करते आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांना देते. लोकांना पेटी नको होती, महिन्याच्या शेवटी हातात पैसे हवे होते. हे उमगायला माणसांसोबत बसावं लागतं. 2013 च्या पारितोषिकापासून 2023 च्या पारितोषिकापर्यंत दहा वर्षं गेली, ती अशा बसण्याचीच. फेरी लहान असली म्हणजे वाट लहान होते असं नाही; पण चुकलेल्या वाटेवर आपण फार दूर जात नाही.

म्हणून खुलताबाद-फुलंब्रीच्या ज्या मुलामुलींच्या डोक्यात एखादं यंत्र किंवा ॲप घोळतंय, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पूर्ण होण्याची वाट पाहू नका. एकच पाटी बनवा, एकाच घरी ठेवा आणि संध्याकाळी तिथे स्वतः हजर राहा. ज्या बाईने दिवसभर ती राखली, तिला एक चकती मोडू द्या. ती वाकली, तर उद्याचं ऊन आहेच.