सापळा भुयारातला, डोकं सगळ्यांचं!

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत आला. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि बोलत बोलत भुयारातलं साहस रंगवायचं! सुरुवातीला सापळे हुडकणं सगळ्यांचंच काम. कुणी लांब काठीने फरशी ठोकायचं, कुणी पाणी ओतून फट शोधायचं. १९७५मध्ये ‘चोर’ हे पात्र आलं आणि सापळे त्याच्या वाट्याला गेले. १९८१च्या नियमांत तर नवख्या चोराला यशाची शक्यता शंभरात अवघी दहा! तो फासे टाकणार, बाकीचे जांभया देणार. यावर उपाय? खेळ चालवणाऱ्याने आधी खुणा सांगाव्यात: भिंतीतलं भोक, फरशीवरचा जळका डाग. तर्क सगळ्यांनी लढवावा, नाजूक कळ चोराने काढावी. त्याचा मान राहतो आणि कुणी रिकामं बसत नाही.