नीट ‘पास’ झालं, पुढे काय?

नीटचा निकाल लागला की ‘पोरगं पास झालं’ म्हणून पेढे वाटले जातात. पण पास होणं वेगळं आणि एमबीबीएसला प्रवेश मिळणं वेगळं. 2024 साली सुमारे 23 लाख विद्यार्थी परीक्षेला बसले, 13 लाखांवर पात्र ठरले आणि जागा होत्या जेमतेम एक लाखाच्या आसपास. म्हणजे झुंज क्रमांकाची. 720 गुणांच्या या पेपरात बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलं की एक कापला जातो. त्यामुळे न येणारा प्रश्न सोडून देण्याचीही सवय लावावी लागते. निम्मे गुण एकट्या जीवशास्त्राचे, तरी बरीच मुलं अडखळतात ती भौतिकशास्त्रात.

‘पेपर सगळ्यांना एकच, मग अन्याय कसला?’ असं विचारलं जातं. पेपर एकच, हे खरं. पण क्रमांक जरा घसरला की सरकारी कॉलेज हुकतं आणि खासगीची फी वर्षाला कित्येक लाखांत जाते. मग तेवढ्याच गुणांवर ऐपतवाला डॉक्टर व्हायला जातो आणि दुसरा पुन्हा लातूरच्या क्लासला. त्यात कागदपत्रं! राखीव जागेवर हक्क सांगायचा असेल, तर जात वैधतेचा अर्ज निकालाची वाट न पाहता अकरावीतच करून टाका.