एकदां गुण दिलेलें औषध

बरें वाटूं लागलें कीं औषध सोडावें, दुखणें उलटलें तर पुन्हा घ्यावें, हा व्यवहार मनोविकारांत नेहमींच साधतो असें नाहीं. लिथियमचें उदाहरण घ्या. उन्मादावरील त्याचा गुण ऑस्ट्रेलियाच्या डॉ. जॉन केड यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १९९२ सालीं अमेरिकेंतील डॉ. रॉबर्ट पोस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४ रोग्यांची हकीकत मांडली. लिथियमनें वर्षानुवर्षें सुखरूप असलेल्या या रोग्यांचें औषध थांबलें; विकार उलटला, आणि पुन्हा तेंच औषध देऊनहि तो आटोक्यांत येईना.

असें कां व्हावें? आपणां नाशिककरांस गोदेचा पूर ठाऊक आहे. पुरानें एकदां बांध फोडला कीं पुढचें पाणी तीच वाट धरतें. तद्वत् विकाराची प्रत्येक उचल मेंदूंत आपली वाट रुंद करीत असावी, असा एक तर्क आहे. औषध तेंच, परंतु दुखणें पूर्वीचें राहत नाहीं.

पुढील पाहण्यांत बहुतेकांना पुन्हा गुण येतो असेंहि आढळलें. म्हणून निराश होऊं नये. मात्र लिथियम एकाएकीं सोडल्यास विकार लवकर उलटतो. यास्तव औषध कमी करणें झाल्यास तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, हळूहळू करावें.