पाऊस आणणारा भेक

मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांतातले याकी लोक बोबोक नावाच्या भेकाची गोष्ट सांगतात. दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी युकू या पर्जन्यदेवाकडे आधी चिमणी पाठवली, मग पाकोळी. दोघींना त्याने पावसाचा शब्द दिला, पण परतताना वादळाने त्यांना गाठलं. मग बोबोक वटवाघळाचे पंख उसने घेऊन गेला. त्याने शब्द घेतला आणि तिथेच जमिनीत दडून बसला. त्याला शोधत पाऊस पुढे धावला आणि याकींच्या शेतांवर कोसळला.

गोष्ट रचणाऱ्यांनी हा प्राणी नीट पाहिला असणार. सोनोरन वाळवंटातला हा भेक वर्षाचा बराच काळ बिळात काढतो. जुलैच्या सुमारास पाऊस सुरू झाला (तिथेही त्याला मान्सूनच म्हणतात) की तो डबक्यांपाशी जमतो. मादी एका वेळी सुमारे 8000 अंडी घालू शकते. विदर्भात धोंडी काढताना मुसळाला बेडूक बांधतात, त्यामागेही पाऊस आणि बेडूक यांचं हेच नातं आहे.

हा भेक चांगला ओंजळभर, जवळपास 18 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. रंग शेवाळी, कातडी तुकतुकीत, जबड्याच्या कोपऱ्याशी एक पांढरा फोड. डोळ्यांमागच्या लांबट गाठींतून दुधाळ विष पाझरतं. त्याला तोंडात धरणारा कुत्रा दगावू शकतो. अशा वेळी कुत्र्याचं तोंड ओल्या फडक्याने पुसून तडक पशुवैद्य गाठावा.

तरीही लोक तो हौसेने पाळतात, आणि त्याची काळजी घेतली तर तो दहा वर्षांहून जास्त जगतो. त्याला पुरून घेण्याइतका मातीचा थर, उथळ भांड्यात क्लोरीन नसलेलं पाणी आणि जिवंत किडे लागतात. उगाच हाताळू नये. हाताळलाच तर हात धुवावेत.

या विषातलं एक रसायन भ्रम घडवतं. 1984 मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तिकेने ते ओढायची पद्धत छापली आणि भेकाच्या मागे माणसं लागली. 2011 मध्ये तिथे त्या रसायनावर बंदी आली. तरी 2022 मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेला पर्यटकांना सांगावं लागलं, की भेक चाटू नका. या व्यसनाला ‘हजारो वर्षांची आदिवासी परंपरा’ म्हणून खपवलं जातं. त्याला ठोस पुरावा नाही, आणि याकींच्या गोष्टीतला बोबोक तर फक्त पाऊस मागतो. तेच रसायन प्रयोगशाळेतही बनतं, त्यामुळे त्यासाठी वाळवंटातून एकही भेक उचलायचं कारण उरत नाही. कॅलिफोर्नियातून तो जवळपास नाहीसाच झाला आहे. पाळायचाच असेल, तर बंदिवासात जन्मलेला आणि कायदेशीर कागदपत्रांसह मिळालेलाच घ्यावा.