हाण त्याला, चालवायचं मी बघतो!

आठवतोय का तो आवाज? बाईकची घूं घूं, मागून पोलिसाचा सायरन आणि शेजारच्या खुर्चीवरून आलेली आरोळी, ‘हाण की लका!’ आठवला ना? मग बॉस, तुम्हीपण आमच्यातलेच. ‘रोड रॅश’वाले!

मी साताऱ्याची, आजोळ सांगलीचं. 2006 च्या मे महिन्यात मामेभावाने मला विश्रामबागच्या एका सायबर कॅफेत नेलं. रेट तासाला 20 रुपये आणि दोघांत कॉम्प्युटर एकच. मग दादाने फंडा काढला : बाण असलेली बटणं त्याची, बुक्क्या-लाथांची माझी. ‘तू हाण त्याला, चालवायचं मी बघतो!’ कॅफेत मी एकटीच मुलगी, पण माझ्या लाथेला सॉलिड मान होता. समोरच्याने दंडुका उगारला की तो नेमका हिसकावून घ्यायचा आणि त्यालाच हाणायचा. ते टायमिंग मला जमायचं, दादाला नाही!

गेम मात्र तेव्हाही जुनाच होता. ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ने 1991 मध्ये तो सेगाच्या कन्सोलसाठी काढला आणि 1996 मध्ये तो विंडोजवर आला. गाड्यांच्या मारामारीचे ‘ट्विस्टेड मेटल’ (1995) आणि ‘कार्मागेडन’ (1997) तिकडे गाजत होते, पण ‘ट्विस्टेड मेटल’ मूळचा प्लेस्टेशनचा. ते आमच्या गल्लीत कुणाकडे असणार? ‘रोड रॅश’ मात्र कुठल्याही खटारा पीसीवर पळायचा, तोही बहुतेक चोरीच्या सीडीवरून. कॅफेवाल्याच्या कॉपीत व्हिडिओ नव्हते, गाणीही नव्हती. मूळ गेममध्ये साउंडगार्डनसारखे बँड होते, हा शोध मला थेट कॉलेजात लागला!

रस्ते कॅलिफोर्नियाचे. सिएरा नेवाडा, नापा व्हॅली, पॅसिफिक हायवे... आम्हाला काय त्याचं? डोंगरातलं वळण आलं की मी ओरडायचे, ‘दादा, यवतेश्वरचा घाट!’ 

आणि सगळ्यात भारी काय, तर पडणं. बाईक गाडीवर आदळायची, आपला गडी हवेत उडून लांब पडायचा आणि पुढच्याच सेकंदाला उठून बाईककडे पळत सुटायचा. मधेच एखादी गाडी त्याला उडवायची, तरी हा पुन्हा उठणार! आम्ही पोट धरून हसायचो.

खरा हायवे

2015 च्या पावसाळ्यात दादा सांगलीहून बाईकवर आमच्याकडे निघाला. पेठ नाका गेला, कराड गेलं. पुढे ओल्या रस्त्यावर समोरच्या टेम्पोने गचकन ब्रेक मारला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. मामीने हट्टाने घ्यायला लावलेलं हेल्मेट! पण मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकावा लागला. तो उठून बाईककडे पळाला नाही. पुढचे पाच महिने वॉकर धरून चालला.

हॉस्पिटलात तो कुणाशीच धड बोलत नव्हता. बाईकचा विषय निघाला की भिंतीकडे तोंड करायचा. एका संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन गेले आणि घाबरत घाबरत ‘रोड रॅश’ लावला. अशा माणसाला हाच गेम दाखवायचा? मामी तर डोळे वटारूनच बघत होती. दादा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग बाणांच्या बटणांवर बोटं ठेवून म्हणाला, ‘तू हाण त्याला...’

पहिल्याच वळणावर आम्ही एका गाडीवर आदळलो. गडी उडाला, पडला, उठला आणि पळायला लागला. खोलीत एकदम शांतता. मला वाटलं, संपलं! तेवढ्यात दादा म्हणाला, ‘च्यायला, ह्याला रॉड नाही पडला!’ आणि हसला. अपघातानंतर पहिल्यांदा. मामी तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

त्या दिवसापासून मला या गेमबद्दल दोन गोष्टी पक्क्या वाटतात. पडल्यावर लगेच उठणं फक्त स्क्रीनवर फुकट मिळतं, म्हणून हायवेवर हेल्मेट हवंच. आणि खरं उठायला महिने लागतात. तेव्हा शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी लागतं.

‘रोड रॅश’ मालिकेतले शेवटचे नवे गेम 2000 च्या आसपास आले. पण त्याच्या चाहत्यांसाठी 2017 मध्ये ‘रोड रिडेम्प्शन’ नावाचा वारस आला. त्यात स्क्रीन वाटून चौघं खेळू शकतात. दिवाळीत आम्ही तो लावला. दोघांना दोन कंट्रोलर, दोघांना आपापली बाईक. पाच मिनिटांत दादाने कंट्रोलर ठेवला.

‘मजा नाय गं. तो जुनाच लाव.’

लावला. बाण त्याचे, लाथा माझ्या!